बॉयलरचा दाब का उतरत होता

घर गरम ठेवणाऱ्या आमच्या जुन्या गॅस बॉयलरचा दाब थंड असताना 1 बारवर आणून ठेवला, तरी तापल्यावर काटा 3 बारपर्यंत चढे, सुरक्षा व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी ठिबके आणि सकाळी काटा पुन्हा शून्याशी येई. आठवडाभर मी नुसते पाणी भरत राहिलो. हा निव्वळ आळस होता. अखेर बॉयलर बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर प्रसरण टाकीच्या (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी, आत रबरी पडद्यामागे हवा असलेली टाकी) हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली, तेव्हा हवेऐवजी पाणी आले, म्हणजे आतला रबरी पडदा फाटला होता आणि फुगणाऱ्या पाण्याला जागाच उरली नव्हती. केवळ टाकी बदलून भागले असते. परंतु ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत होती, आणि अपुऱ्या ज्वलनातून बिनवासाचा, विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, म्हणून गॅसचा कॉक बंद करून परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच नवा बॉयलर आणि धुराडे बसवून घेतले.