सरपंचांनी कुठल्या दाराशी जायचं?

नव्या सरपंचाची पहिली गफलत बहुतेक ठरलेली. मोजणी, गटार, दाखला, रस्ता, काहीही असो, गाठायचं तहसील कार्यालय. साताऱ्यातल्या प्रत्येक गावात सरकार दोन साखळ्यांनी येतं. महसुलाची साखळी अशी: तलाठी (नवं पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. विकासाची अशी: ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), विस्तार अधिकारी, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. दोन्हींची गाठ पुण्यात, विभागीय आयुक्तांपाशी. म्हणून तहसीलदार गटविकास अधिकाऱ्यांना कामाला लावतील, ही आशा सोडा. पोलीस पाटलांची नेमणूकही प्रांत करतात, ग्रामपंचायत नाही.

कागदांचंही तसंच. सातबारा तलाठ्याकडे, नमुना 8 ग्रामपंचायतीत. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. भावकीच्या वादात ती फडकवणाऱ्याला हे आधीच सांगा, पुढची कटकट वाचेल.

सगळ्यात जास्त चपला झिजतात रस्त्यापायी. आधी रस्त्याचा दर्जा शोधा. पुणे-बंगळूर महामार्गाचं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातली गल्ली आपली.

शेताकडची वाट मात्र पुन्हा महसुलात जाते, आणि तिथेही दोन फाटे आहेत. वहिवाटीची जुनी वाट कुणी चर खोदून, काटे टाकून अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा. अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. वाटच नाही, बांधावरून नवी हवी, तर जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. पहिल्या प्रकाराला दुसरं कलम लावलं की तारखा पडत राहतात, तोवर 6 महिने उलटतात. ग्रामसभेच्या ठरावाने अडवलेली वाट मोकळी होत नाही, कितीही हात वर झाले तरी.

ठराव लिहिताना 'रस्ता दुरुस्त करण्यात यावा' एवढ्यावर थांबू नका; अंदाजपत्रक करणारा अभियंता त्यावरून काय मोजणार? 'मारुती मंदिर ते ओढ्यावरची मोरी, लांबी 300 मीटर' असं लिहा. सोबत रस्त्याचा क्रमांक, ठराव क्रमांक, सभेची तारीख, सूचक, अनुमोदक. प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला मंजुरी) आणि तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी) दोन्ही हातात येईपर्यंत नारळ फोडू नका.

पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सहीने निघतात. सरपंच बाई असतील तर सही त्यांचीच, यजमानांची नव्हे. ग्रामसेवक कामचुकार निघाला तरी त्याला निलंबित करणं तुमच्या हातात नाही. तारीखवार तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच टेबल सोडा.