जुन्या पिकअपचा टायमिंग बेल्ट तुटला तर आधी सेल्फ मारणं थांबवा

चोर्ला घाटात लोड घेऊन चढताना इंजिन गचका न देता एकदम गप्प झालं आणि सेल्फ मारला की नेहमीपेक्षा हलकं, सुसाट फिरतंय, तर टायमिंग बेल्टच (पिस्टन आणि वॉल्वची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) गेला असणार. परत परत सेल्फ मारू नका, धक्का स्टार्ट तर अजिबात नको, कारण बहुतेक डिझेल इंजिनात पिस्टन वर येऊन उघड्या वॉल्वला ठोकतो आणि नुसतं बेल्टचं काम हेड (इंजिनाचा वॉल्व असलेला वरचा भाग) उघडण्यावर जातंय. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंगपण जड, म्हणून उतारावर ढकलत नेऊ नका, चाकाला दगड लावा आणि टोईंग बोलवा. वरचं कव्हर काढून बघितलं की बेल्ट तुटलाय का नुसते दात गेलेत ते दिसतंय (काही गाड्यांत बेल्ट नसतोच, चेन असते, ते आधी विचारून घ्या).

नवीन बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणारी आणि वळवणारी चाकं) बदलाच, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोपण. टायमिंगचे मार्क (पुलीवरच्या खुणा) जुळवून मिस्त्रीला क्रँक (पिस्टन वरखाली करणारा दांडा) पान्यानं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायला सांगा, कुठं अडलं तर जोर नको. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक. आणि कॅम सीलमधून (वॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या तोंडाचं रबरी सील) ऑईल गळत असेल तर सील आत्ताच घाला ओ, ऑईल लागलेला बेल्ट टिकत नाही.