परदेशी मोहिमेवर असताना आरोप झाला? या चुका टाळा

‘या साक्षीदाराला काही विचारायचंय?’ लष्करी चौकशीचे प्रिसायडिंग ऑफिसर विचारतात. जवान सावधानमध्ये उभा. ‘नो सर.’ क्लार्क टाइप करतो, ‘आरोपीने उलटतपासणी घेण्यास नकार दिला.’ खाली सही होते आणि पुढचा साक्षीदार आत येतो. वर्षभराने तोच जवान, बहुतेक वेळा वडिलांना किंवा भावाला घेऊन, कागदांची पिशवी माझ्या वकिलीच्या टेबलावर रिकामी करतो. मी सगळ्यात आधी हेच पान शोधतो.

काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन, गोलन टेकड्या... भारतीय पलटणी संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली अशा अनेक ठिकाणी गेल्या आहेत. तिथल्या प्रकरणांची खरी अडचण कलमांत नसते. मुदत संपली की पलटण परत येते, शेजारच्या देशाची तुकडी तिच्या देशात जाते, दुभाषा दुसरी नोकरी धरतो आणि कॅम्पच्या तंबूंचीही जागा बदलते. तिथे असताना जे कागदावर आलं नाही, ते नंतर सहसा मिळत नाही. पुढच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीभोवती फिरतात.

‘इथले पोलीस आपल्याला हात लावू शकत नाहीत’

हे अर्धंच खरं आहे. शांतिसेनेतल्या लष्करी तुकडीच्या सदस्यांवर फौजदारी खटला चालवायचा अधिकार यजमान देशाशी झालेल्या करारानुसार त्यांच्या स्वतःच्या देशाकडे असतो. याचा अर्थ खटला होणारच नाही असा नाही, तो आपल्याकडे होईल असा आहे. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम ६९ मध्ये ‘भारतात किंवा भारताबाहेर’ असे शब्द स्पष्ट आहेत. कलम ७० तर बहुतेकांना माहीतच नसतं. नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार यांचा खटला देशात एरवी कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, चालत नाही, पण गुन्हा भारताबाहेर घडला असेल तर चालतो. म्हणजे परदेशात लष्कराचा हात आखडत नाही, उलट लांब होतो.

निरीक्षक म्हणून एकटे गेलेल्यांचं कायदेशीर स्थान वेगळं असतं. संयुक्त सराव किंवा कोर्ससाठी गेलेल्यांना त्या त्या देशाशी झालेला करार लागू होतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की मी इथे नेमका कोणत्या कागदावर आलो आहे?

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (खटल्याआधीच्या लष्करी चौकशीत) गप्प बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

आर्मी रूल १८० सांगतो, की चौकशीमुळे एखाद्याच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला धक्का बसत असेल, तर त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याची, निवेदन देण्याची, उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी मिळालीच पाहिजे. जवान म्हणतात, ‘ही नुसती चौकशी आहे, खरं काय ते कोर्टात सांगू.’ आता पुढची मेख बघा. चौकशीत रूल १८० पाळला गेला असेल, तर रूल २२ खालची सुनावणी, म्हणजे टोपी-बेल्ट काढून सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर मार्च-अप होऊन साक्षीदार ऐकण्याची पायरी, वगळता येते. जी संधी पुढे मिळेल असं वाटत होतं, ती गेलेली असते.

एक नमुना घ्या. कॅम्पमधल्या जनरेटरचं डिझेल कमी भरलं आणि एका स्थानिक माणसाने सांगितलं, की मी ते अमुक जवानाकडून घेतलं. साक्षीदार बोलतो स्वाहिलीत. दुभाषा ते इंग्रजीत आणतो, क्लार्क त्याचं लष्करी इंग्रजी करतो आणि आरोपी मनातल्या मनात मराठीत लावून घेतो. एवढ्या हातांतून गेलेल्या वाक्यात ‘त्याच्यासारखा शिपाई’चं ‘हाच शिपाई’ व्हायला कितीसा वेळ लागतो? तिथे विचारायचे प्रश्न साधेच असतात. चेहरा कुठे पाहिलास, किती उजेड होता? ओळख पटवताना एकट्यालाच समोर उभं केलं होतं का? डिझेलच्या कुलपाच्या चाव्या किती आणि कुणाकडे? त्या रात्रीचं लॉगबुक कुणाच्या अक्षरात आहे? हे विचारायला वकिलीची पदवी लागत नाही. सुचलं नाही तर निदान एवढं तरी लेखी द्या, की लॉगबुक आणि गार्ड रजिस्टर जोडावं आणि अमुक दोघांची साक्ष घ्यावी. विनंती नाकारली, तर तो नकारही नोंदवून घ्या. तोच पुढे कामाला येतो.

चौकशीतलं निवेदन कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे रूल १८२ मध्ये आहे. त्यावर विसंबून काहीजण तिथे वाटेल ते लिहून देतात. रूल २३ खाली समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधीची साक्षीपुराव्यांची लेखी नोंद) घेताना मात्र वेगळी ताकीद दिली जाते, की बोलणं बंधनकारक नाही, पण जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल. त्या क्षणी ‘मला काही सांगायचं नाही’ म्हणणं हा उद्धटपणा नव्हे. आणि इंग्रजीत टाइप झालेलं पान आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.

फोन साफ करणं, पैसे पाठवणं

आरोप कळताच चॅट डिलीट करणारे बरेच असतात. दुसऱ्या फोनमध्ये ते चॅट असतंच आणि मग तुमच्या फोनमधली रिकामी जागाच तुमच्याविरुद्ध बोलते. अनेकदा त्या चॅटमध्ये बचावाचं काही होतं आणि तेही गेलेलं असतं. तक्रारदार व्यक्तीला निरोप धाडणं, मित्रामार्फत पैसे देऊ करणं हे तर पूर्ण बंद. हेतू माणुसकीचा असला तरी साक्षीदार फोडल्याचा नवा आरोप त्यातूनच उभा राहतो. आणि तक्रार करणाऱ्या बाईमाणसावर त्याचं दडपण येतं, हेही खरंच.

लैंगिक शोषणाच्या आरोपात आणखी एक गैरसमज दिसतो. ‘ती अठराची वाटत होती’ किंवा ‘त्या देशात तेवढं वय चालतं’ हा बचाव तिथे टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या नियमांत १८ वर्षांखालील व्यक्तीशी संबंध सरसकट निषिद्ध आहेत, वयाबाबतचा गैरसमज ग्राह्य नाही आणि पैसे, काम किंवा वस्तू देऊन ठेवलेला संबंधही बसत नाही. सुरक्षा परिषदेच्या २०१६ च्या ठराव २२७२ नंतर तर अशा प्रकरणांत अख्खी तुकडी परत पाठवली जाऊ शकते. त्यामुळे युनिटवरही दबाव असतो. तो ओळखून वागा.

‘कबूल करून टाक, साहेब सोडतील’

हे सांगणारे सुभेदार साहेब बहुतेकदा मनापासूनच सांगतात. पण समरी कोर्ट मार्शलमध्ये न्यायाला एकटे सीओ बसतात. ते लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील, तर एक वर्षापर्यंत कैद आणि नोकरीतून डिसमिस करू शकतात. या शिक्षेला वरून मंजुरी लागत नाही, ती लगेच लागू होते. ‘फ्रेंड ऑफ द अॅक्यूज्ड’ म्हणजे आरोपीचा मदतनीस शेजारी बसतो, सल्ला देतो, प्रश्न सुचवतो, पण स्वतः बोलू शकत नाही. कबुली नोंदवण्याआधी तिचे परिणाम समजावून सांगणं कोर्टावर बंधनकारक आहे. ते झालं नाही किंवा कबुलीखाली आरोपीची सही नाही म्हणून शिक्षा रद्द झाल्याची प्रकरणं आहेत. मात्र ते व्हायला वर्षं जातात आणि तोवर घर कसं चालतं हे त्या घरालाच माहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विश्वप्रिया सिंग प्रकरणात म्हटलं, की समरी कोर्ट मार्शलचा मार्ग अपवादाने, तातडीची गरज असेल तेव्हाच वापरावा. रणजित ठाकूर प्रकरण १९८७ चं. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानाने वर तक्रार केली होती, तोच न्यायाला बसला. जेवायला नकार दिल्याबद्दल त्या जवानाला वर्षभराची कैद आणि डिसमिसल झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं रद्द केलं. न्यायाला बसलेल्याबद्दल हरकत असेल तर ती सुरुवातीलाच आणि लेखी घ्या.

खटल्याआधी बचावाच्या तयारीला किमान ९६ तास मिळायला हवेत, अॅक्टिव्ह सर्व्हिसवर (प्रत्यक्ष लष्करी मोहिमेवर) २४. जनरल आणि डिस्ट्रिक्ट या वरच्या दर्जाच्या कोर्ट मार्शलमध्ये परवानगीने बाहेरचा वकील उभा राहू शकतो. तो परवडत नसेल तर डिफेंडिंग ऑफिसर, म्हणजे बचाव मांडणारा लष्करी अधिकारी मिळतो. कोण हवा ते नाव देऊन मागा, मिळेल त्यावर समाधान मानू नका.

उरलेल्या दोन

शो-कॉज (कारणे दाखवा) नोटिशीला माफीनामा लिहून पाठवणं. खटला न चालवता प्रशासकीय मार्गाने नोकरी जाऊ शकते आणि तिथे तुमचं उत्तर हाच एकमेव बचाव असतो. ‘चूक झाली, एक संधी द्यावी’ असं लिहिलं, की उरतं काय? आधी चौकशीचे कागद मागा, मग मुद्देसूद उत्तर द्या.

दुसरी, ‘पेन्शनवर आलो, आता काय होतंय?’ नोकरी सुटल्यानंतरही कलम १२३ खाली तीन वर्षांच्या आत खटला सुरू होऊ शकतो. तेव्हा मोहिमेवरच्या सहकाऱ्यांचे पत्ते, मूव्ह ऑर्डर, ड्युटी रोस्टरची प्रत घरच्या ट्रंकेत राहू द्या.

शिक्षा झालीच, तर ती मंजूर होण्याआधी आणि नंतरही कलम १६४ खाली अर्ज करता येतो. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. तिथे पहिल्याच तारखेला विचारलं जातं, की ही हरकत तुम्ही तेव्हा घेतली होती का, आणि ती कुठल्या पानावर आहे.