स्वतःच्या सर्व्हरवर बिटकॉइन आणि खासगी अ‍ॅप्स चालवताना या चुका टाळा

अंब्रेल, स्टार्टओएस, रास्पीब्लिट्झ, मायनोड अशा प्रणालींमुळे स्वतःचा बिटकॉइन नोड (सगळे व्यवहार स्वतः तपासणारे यंत्र) उभा करणे आणि त्याच यंत्रावर नेक्स्टक्लाउड (फाइल), इमिच (फोटो), व्हॉल्टवॉर्डन (पासवर्ड) यांसारखी खासगी अ‍ॅप्स चालवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. इन्स्टॉल करताना क्वचितच कोणी अडकते. नुकसान होते ते नंतर, सर्व्हर काही महिने सुरळीत चालून विश्वास बसल्यावर. त्यातल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज आढळतो, तो म्हणजे सर्व्हरवरचा सगळा डेटा सारख्याच स्वरूपाचा आहे आणि एकाच पद्धतीने सांभाळता येतो.

प्रत्यक्षात तिथे तीन प्रकारचा डेटा असतो. पहिला म्हणजे ब्लॉकचेन: जानेवारी 2009 पासूनचे सगळे ब्लॉक, आज 600 जीबीहून अधिक. हा डेटा नष्ट झाला तर वेळ वाया जातो, पण तो नेटवर्कवरून पुन्हा मिळतो, त्यामुळे त्याचा बॅकअप घेण्यात जागा अडवण्याचे कारण नाही. दुसरा म्हणजे वॉलेटचा सीड (पैसे परत मिळवून देणारे शब्द), जो कधीच बदलत नाही आणि एकदा नीट लिहून सर्व्हरपासून दूर ठेवला की पुरतो. तिसरा प्रकार सतत बदलत राहणारा आणि दुसरीकडून न मिळणारा: लाइटनिंग चॅनेलची (ब्लॉकचेनबाहेर झटपट व्यवहार करण्यासाठी दोन नोडमध्ये उघडलेल्या जोडणीची) स्थिती, पासवर्डची तिजोरी, फोटो, कागदपत्रे. खरी काळजी या तिसऱ्या प्रकाराची घ्यायची असते, आणि नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

लाइटनिंगचा जुना बॅकअप परत आणणे

लाइटनिंग नोडची संपूर्ण डेटा फाइल रोज रात्री कॉपी करून ठेवणे जबाबदारीचे वाटते, पण संकटाच्या वेळी हीच कॉपी सर्वांत घातक ठरू शकते. चॅनेलमधून प्रत्येक व्यवहार झाला की दोन्ही बाजूंची शिल्लक नव्याने ठरते आणि आधीची स्थिती रद्द होते. कालच्या कॉपीवरून नोड सुरू करून चॅनेल बंद केले, तर ती रद्द झालेली स्थिती ब्लॉकचेनवर जाते. समोरच्या नोडला तो फसवणुकीचा प्रयत्न दिसतो आणि नियमानुसार दंड म्हणून त्या चॅनेलमधली सगळी रक्कम तो घेऊ शकतो. हेतू चांगला होता की वाईट, हे प्रोटोकॉलला कळत नाही.

एलएनडी हे लाइटनिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी यावर वेगळी सोय आहे. ‘चॅनेल डॉट बॅकअप’ या छोट्या फाइलमध्ये शिल्लक नसते, तर कोणत्या नोडशी कोणते चॅनेल आहे एवढीच माहिती असते. ती वापरून पुनर्प्राप्ती केली की समोरच्या नोडला चॅनेल बंद करण्याची विनंती जाते आणि पैसे ब्लॉकचेनवरच्या वॉलेटमध्ये परत येतात. चॅनेल मात्र पूर्ववत सुरू होत नाहीत, हे आधीच माहीत असावे. नवे चॅनेल उघडले किंवा जुने बंद झाले की ही फाइल बदलते, म्हणून ती आपोआप दुसऱ्या यंत्रावर पोहोचेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. एलएनडीचे 24 शब्द बहुतेक वॉलेटमध्ये असणाऱ्या बीआयपी 39 पद्धतीचे नसून एझीड नावाच्या वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यामुळे सर्वसाधारण वॉलेटमध्ये ते टाकून उपयोग होत नाही. शिवाय या शब्दांवरून फक्त ब्लॉकचेनवरची रक्कम परत मिळते, चॅनेलमधली नाही.

जुन्या यंत्रावरून नव्यावर जातानाही हाच धोका असतो. डेटा हलवल्यावर ‘खात्रीसाठी’ जुना नोड पुन्हा सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो. पण एकाच ओळखीचे दोन नोड चालू झाले, की त्यांतल्या एकाकडची स्थिती लवकरच शिळी होते. हलवणे पूर्ण झाले की जुन्या यंत्रावरचा लाइटनिंगचा डेटा पुसून टाकावा. दीर्घकाळ सर्व्हर बंद ठेवायचा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. समोरच्याने जुनी स्थिती प्रसिद्ध केलीच, तर हरकत घेण्यासाठी मिळणारी मुदत ब्लॉकमध्ये मोजलेली असते: 144 ब्लॉक म्हणजे साधारण एक दिवस, 2016 ब्लॉक म्हणजे दोन आठवडे. त्याहून अधिक काळ नोड बंद राहणार असेल तर वॉचटॉवरची (आपल्या वतीने चॅनेलवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेची) व्यवस्था करावी किंवा चॅनेल आधीच रीतसर बंद करावीत.

घाईने बंद करणे

बिटकॉइन कोअर (नोड चालवणारा प्रोग्राम) आपला कामाचा बराच भाग मेमरीत ठेवतो आणि बंद होताना तो डिस्कवर लिहितो. या मेमरीची मर्यादा ठरवणारी सेटिंग म्हणजे डीबीकॅश. बराच काळ तिचे मूळ मूल्य 450 एमबी होते, पण पहिला सिंक (पूर्ण ब्लॉकचेन उतरवून तपासणे) लवकर व्हावा म्हणून लोक ते कित्येक जीबीपर्यंत वाढवतात. असा नोड बंद व्हायला काही मिनिटे लागू शकतात. प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा डॉकर मात्र ते थांबवताना मुळात फक्त 10 सेकंद वाट पाहतो आणि मग प्रोसेस जबरदस्तीने मारतो. बहुतेक वेळा नोड शेवटच्या नोंदीपासूनचे ब्लॉक पुन्हा तपासून सावरतो, पण त्यात तास जातात, आणि ‘काल तर सिंक पूर्ण होता, आज पुन्हा मागे कसा गेला?’ हा प्रश्न पडतो. त्यावर उपाय म्हणजे कंटेनरच्या सेटिंगमध्ये थांबण्याची मुदत काही मिनिटांची करणे आणि पहिला सिंक झाल्यावर डीबीकॅश पुन्हा कमी करणे.

वीज अचानक गेल्यास परिस्थिती याहून वाईट होऊ शकते. डेटाबेस बिघडल्याचा संदेश आला तर घाबरून सगळे पुसू नये. ब्लॉकच्या फाइल शाबूत असतील तर ‘रीइंडेक्स चेनस्टेट’ हा पर्याय त्यांच्यावरून न खर्चलेल्या नाण्यांची यादी पुन्हा तयार करतो, आणि ब्लॉकची सूचीही बिघडली असेल तर पूर्ण रीइंडेक्स करावा लागतो. दोन्हींत पुन्हा डाउनलोड करावे लागत नाही. जुने ब्लॉक काढून टाकणाऱ्या, म्हणजे प्रून केलेल्या नोडला मात्र ही सवलत नाही. सर्व्हर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत, आणि बॅटरी संपण्याआधी यूपीएसकडून यंत्राला बंद होण्याची सूचना मिळेल अशी जोडणी करावी.

सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी

नोड वारंवार पडत असेल, डिस्क मध्येच गायब होत असेल, तर आधी वीज आणि केबल तपासा. रास्पबेरी पाय 5 ला 5 व्होल्ट 5 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. कमी क्षमतेचा लावला तर यूएसबी उपकरणांना मिळून सुमारे 600 मिलिअँपिअरच दिले जातात, आणि तेवढ्यावर एसएसडी स्थिर चालेलच असे नाही. कर्नलच्या लॉगमध्ये कमी व्होल्टेजचा इशारा किंवा डिस्क वाचता न आल्याच्या नोंदी दिसल्या तर प्रणाली पुन्हा इन्स्टॉल करण्यात दिवस घालवू नये. एकाच ब्लॉकपाशी सिंक वारंवार अडकत असेल तर सदोष रॅमची शक्यता गंभीरपणे घ्यावी. ब्लॉकचेन मेमरी कार्डवर ठेवू नये. नवी एसएसडी घेत असाल तर 2 टीबीची घ्यावी, कारण ब्लॉकचेन, इलेक्ट्रम सर्व्हरची (वॉलेटला शिल्लक सांगणाऱ्या प्रोग्रामची) अनुक्रमणिका आणि फोटो यांना मिळून 1 टीबी फार काळ पुरत नाही.

आणि हे फोटोच पुढे नोडला त्रास देतात. एकाच डिस्कवर सगळी अ‍ॅप्स असली की एखादे अ‍ॅप डिस्क भरून टाकते आणि बिटकॉइन कोअर जागा नाही म्हणून बंद पडतो. किंवा इमिच चेहरे ओळखण्याच्या कामाला लागते, मेमरी संपते आणि लिनक्स सर्वांत मोठी प्रोसेस मारतो, जी बहुधा नोडचीच असते. प्रत्येक अ‍ॅपला मेमरीची मर्यादा घालून द्यावी आणि डिस्क 80 टक्के भरली की सूचना येईल असे करावे.

दार नको तिथे उघडणे

8333 हे पोर्ट इतर नोडशी बोलण्यासाठी आहे आणि ते उघडे ठेवण्यात गैर काही नाही. 8332 हे नियंत्रणाचे पोर्ट असून ते इंटरनेटवर कधीही उघडू नये. हाच नियम सर्व्हरच्या डॅशबोर्डलाही लागू आहे. येथे एक फसवी बाब आहे: यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून निर्धास्त झालेल्यांना हे ठाऊक नसते की डॉकर स्वतःचे नियम थेट लिहितो आणि प्रसिद्ध केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडे राहते. असे पोर्ट फक्त 127.0.0.1 या यंत्राच्या स्वतःच्या पत्त्याशी बांधावे आणि बाहेरून येण्यासाठी वायरगार्ड, टेलस्केल किंवा टॉर यांसारखा सुरक्षित जोडणीचा मार्ग वापरावा. राउटरवर सगळे बरोबर करूनही पोर्ट फॉरवर्डिंग चालत नसेल तर बहुधा इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. अशा वेळी टॉर किंवा टेलस्केल हाच सोपा मार्ग, कारण त्यांना पोर्ट उघडावे लागत नाही.

वॉलेट भलत्याच सर्व्हरला जोडलेले असणे

नोड अखंड चालू आहे, पण फोनवरचे वॉलेट मात्र ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारून शिल्लक दाखवते आहे, ही अत्यंत सर्रास आढळणारी स्थिती आहे. अशा वेळी आपले सगळे पत्ते परक्या सर्व्हरला कळतात आणि स्वतः तपासण्याचा हक्कही वापरला जात नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच साधत नाही. वॉलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या इलेक्ट्रस किंवा फुलक्रम या इलेक्ट्रम सर्व्हरचा पत्ता स्वतः घालावा. जोडल्यानंतर शिल्लक शून्य दिसली तर पैसे गेले असे समजू नये: अनुक्रमणिका पूर्ण झाली आहे का, पत्त्यांचा प्रकार आणि डेरिव्हेशन पाथ (सीडवरून पत्ते तयार करण्याचा मार्ग) जुळतो का, आणि सलग 20 रिकाम्या पत्त्यांनंतर वॉलेटने शोध थांबवला आहे का, या क्रमाने पाहावे. इलेक्ट्रसला पूर्ण ब्लॉकचेन लागते, त्यामुळे जागा वाचवायला नोड प्रून केला असेल तर ते चालणार नाही.

अपडेटविषयी थोडक्यात: नेक्स्टक्लाउडच्या मुख्य आवृत्त्या ओलांडून उडी मारता येत नाही, एकेक करूनच पुढे जावे लागते; लाइटनिंगचा डेटाबेस नव्या आवृत्तीने बदलला की सहसा मागे फिरता येत नाही. म्हणून पैशांशी संबंधित अ‍ॅप्सचे आपोआप अपडेट बंद ठेवावे.

बॅकअपची किल्ली बॅकअपच्या आत

दुसऱ्या डिस्कवर आपोआप होणारी नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिथूनही त्याच क्षणी पुसली जाते. कूटबद्ध केलेला बॅकअप यंत्राबाहेर ठेवला तरी त्याचा पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवरच्या व्हॉल्टवॉर्डनमध्ये असेल, तर सर्व्हर बंद पडल्यावर तो बॅकअप उघडता येईलच याची खात्री नाही. हा पासवर्ड कागदावर लिहून सीडपासून वेगळ्या जागी ठेवावा, आणि सीडचा फोटो सर्व्हरवर मुळीच ठेवू नये. मग एखाद्या मोकळ्या दिवशी जुन्या लॅपटॉपवर फक्त तो कागद आणि बाहेर ठेवलेली प्रत यांच्या आधारे पासवर्डची तिजोरी आणि काही फोटो परत मिळवून पाहावेत; लाइटनिंग मात्र या सरावातून वगळावे, कारण त्याची फाइल वापरताच खरी चॅनेल बंद होऊ लागतील.