पेट्रोलच्या टाकीतली मोटर गेली म्हणण्याआधी या चुका टाळा

भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात लोक कूलंट बघतात, टायरची हवा बघतात. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंप मात्र बंद पडेपर्यंत कुणाला आठवत नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हा पंप बहुधा पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. तेच पेट्रोल त्याला गार ठेवतं, वंगणही देतं. म्हणून रिझर्व्हच्या दिव्यावर गाडी पळवायची सवय सगळ्यात महाग. कन्नड घाटासारख्या चढावर उरलंसुरलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढायला लागतो. पाव टाकी उरली की भरून घ्यावं.

दुसरी चूक, न तपासता पंप बदलायची, मी स्वतः केली. पारोळ्याच्या पुढे भर दुपारी गाडी बंद पडली. मिस्त्री म्हणाला, "पंप गेला भाऊ." नवा बसवला, दोन दिवसांनी पुन्हा तेच! शेवटी धुळ्यात एका इलेक्ट्रिशियनने मागची सीट उचलून पंपाच्या वायरचा कनेक्टर ओढला. एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. जुना पंप धडधाकट होता, आता माझ्या माळ्यावर पडून आहे.

तेव्हा आधी कान वापरा. काच बंद, पंखा बंद, चावी फक्त 'ऑन', सेल्फ मारू नका. बऱ्याच गाड्यांत मागून दोनेक सेकंद बारीक घुर्र ऐकू येते. आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) बघा. हॉर्नचा रिले अगदी त्याच नंबरचा असेल तर बदलून बघता येतो. फ्यूज पुन्हा उडत असेल तर तिथे तार गुंडाळू नका, शेजारी पेट्रोल आहे! आवाज येतोय पण गाडी चढावर दम टाकते, तर गेजने प्रेशर मोजून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ४ बार असतं; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. कमी भरलं तरी लगेच पंपावर खापर नको, पंपाच्या तोंडाची जाळी किंवा फिल्टर तुंबलेला असू शकतो.

पंप खरंच बदलायचा झाला तर जाळीही नवी घ्या आणि टाकीतला गाळ काढायला लावा, नाहीतर नवा पंपही तीच घाण ओढणार. काम उघड्यावर, आधी लाइनमधलं प्रेशर सोडून, मग बॅटरीची निगेटिव्ह काढून. बिडीवाल्याला लांब बसवा. झाकणाखालचं सीलही नवंच टाका. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर पेट्रोलचा वास आला, तर सील नीट बसलेलं नाही. गाडी तशीच परत न्या.