इंग्रजी लिहिताना पुढचा मुद्दा कसा जोडावा

मराठीत ‘शिवाय’, ‘तसेच’, ‘त्यात भर म्हणजे’ हे शब्द आपोआप सुचतात आणि चपखल बसतात. इंग्रजीत मात्र ऑल्सो, बिसाइड्स, मोरओव्हर, फर्दरमोअर यांतला जो आठवेल तो आपण वाक्याच्या सुरुवातीला लावून मोकळे होतो. खरं तर प्रत्येकाची जागा आणि सूर वेगळा आहे.

1. आधी दोन्ही वाक्यांचा रोख एकच आहे का, ते बघा. समजा, सोसायटीच्या कमिटीला पत्र लिहायचंय. ‘द लिफ्ट इज व्हेरी ओल्ड. मोरओव्हर, इट ऑफन स्टॉप्स बिटवीन फ्लोअर्स.’ दोन्ही वाक्यं लिफ्ट दुरुस्त करा हेच सांगतात, म्हणून मोरओव्हर शोभतं. दुसरं वाक्य पार्किंगबद्दल असेल, तर सरळ नवा परिच्छेद करा.

2. मग सूर ठरवा. मोरओव्हर आणि फर्दरमोअर हे अर्ज, अहवाल, निबंध यांचे शब्द; मैत्रिणीला मेसेज करताना ते अवघडल्यासारखे वाटतात. तिथे ऑल्सो किंवा प्लस पुरे. इन ॲडिशन दोन्हीच्या मधलं. बिसाइड्स मात्र खास आहे. ‘आय डोन्ट वाँट टु गो आउट. बिसाइड्स, इट्स रेनिंग.’ आपण ‘आणि तसंही’ म्हणून शेवटचं कारण पुढे करतो, तोच हा सूर. शेवटचा एस विसरू नका. बिसाइड म्हणजे शेजारी.

3. शब्दाची जागा सांभाळा. ऑल्सो मुख्य क्रियापदाच्या आधी येतं: ‘शी ऑल्सो टीचेस मॅथ्स.’ इज, आर, कॅन, विल असेल तर त्याच्यानंतर: ‘शी इज ऑल्सो अ सिंगर’, ‘शी कॅन ऑल्सो ड्राइव्ह.’ टू आणि ॲज वेल बहुतेक वेळा शेवटी.

आपली सर्वांत जास्त गफलत होते ती नकारात. ‘मीही गेलो नाही’ हे आपण ‘आय ऑल्सो डिडन्ट गो’ असं करतो, कारण मराठीतला ‘ही’ होकारात आणि नकारात सारखाच चालतो. इंग्रजीत नकार आला की आयदर घ्यायचं आणि ते शेवटी ठेवायचं: ‘आय डिडन्ट गो आयदर.’ एवढं एक वळण लागलं तरी बोलणं लगेच सफाईदार वाटतं.

4. विरामचिन्हं तपासा. दोन पूर्ण वाक्यं नुसता स्वल्पविराम आणि मोरओव्हर घालून जोडता येत नाहीत. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, मग मोरओव्हर, मग स्वल्पविराम. इन ॲडिशननंतरही स्वल्पविराम आणि पूर्ण वाक्य. पण इन ॲडिशन टु असेल तर पुढे नाम किंवा आयएनजी लावलेलं रूप: ‘इन ॲडिशन टु टीचिंग मॅथ्स, शी सिंग्ज.’

5. शेवटी काटछाट करा. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतल्या लेखनाच्या भागात चार निकषांपैकी एक मांडणी आणि सुसंगतीचा असतो. तिथे असे शब्द यांत्रिकपणे किंवा गरजेपेक्षा जास्त वापरले तर बँड, म्हणजे गुणांची श्रेणी, खाली येतो, हे अनेक विद्यार्थ्यांना माहीत नसतं. उलट ते प्रत्येक वाक्याला एक फर्दरमोअर चिकटवतात. लिहून झालं की मोठ्याने वाचा. लागोपाठ दोन वाक्यं अशा शब्दाने सुरू होत असतील, तर एकातला काढा. अर्थ तसाच राहिला, तर तो परत घालू नका.