अपक्ष म्हणून गव्हर्नरपदाची मोहीम: या चुका टाळा

अमेरिकेतला गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. अधिकारांच्या बाबतीत तो आपल्या राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याच्या जवळचा. या पदासाठी दोन्ही मोठ्या पक्षांना रामराम ठोकून अपक्ष उभं राहणारे अधूनमधून निघतातच. डेट्रॉइटचे तेव्हाचे महापौर माइक डगन यांनी 2026 च्या मिशिगन निवडणुकीसाठी डिसेंबर 2024 मध्येच तशी घोषणा केली. अशा उमेदवारासाठी राबायचं मनात असेल, तर आधीच्या मोहिमा कुठे अडखळल्या ते पाहून ठेवा. माझं मत विचाराल तर त्या विचारांपायी फारशा पडत नाहीत. तारखा, कागदपत्रं आणि ‘मत वाया जाईल’ ही भीती, या तिघांपुढे त्या पडतात.

सह्या म्हणजे नुसता आकडा असं समजणं

मतपत्रिकेवर नाव यायला किती सह्या लागतात, हे प्रत्येक राज्यात वेगळं. न्यू जर्सीत 2009 मध्ये 800 सह्या पुरत होत्या. टेक्सासमध्ये 2006 साली साडेपंचेचाळीस हजारांच्या वर लागत होत्या, कारण तिथला नियम आधीच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या एक टक्का असा आहे. पण खरी मेख आकड्यात नाही. टेक्सासमध्ये पक्षांची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची मतदानाची फेरी, होईपर्यंत सही घेताच येत नाही. त्या वर्षी प्रायमरीत मत दिलेल्या माणसाची सही बाद. एकाच माणसाने दोन अपक्षांच्या अर्जांवर सही केली असेल तर दुसरी बाद. आणि हातात जेमतेम दोन महिने.

त्या वर्षी दोन अपक्ष रिंगणात होते. एक गायक आणि रहस्यकथालेखक किंकी फ्रीडमन, दुसऱ्या कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न, राज्याच्या कंप्ट्रोलर, म्हणजे हिशेब आणि महसूल सांभाळणाऱ्या अधिकारी. स्ट्रेहॉर्न यांनी दोन लाखांहून जास्त सह्या दिल्या आणि तपासणीत त्यातल्या जवळपास अर्ध्या गळाल्या. तरी त्या तरल्या, कारण ढीगच मोठा होता. फ्रीडमन यांच्या सह्या कमी होत्या, पण गळतीही बरीच कमी झाली. त्यांची माणसं महिनोन्महिने लोकांना सांगत होती की प्रायमरीला जाऊच नका, सहीसाठी मोकळे राहा. सही गोळा करणारा कितीही तरबेज असो, आधीच प्रायमरीला जाऊन आलेल्या माणसाची सही त्याच्या काय कामाची? म्हणून काम सुरू करायचं ते प्रायमरीच्या आधी. लागतात त्याच्या दुप्पट सह्यांचं लक्ष्य ठेवा, आणि रोज संध्याकाळी आलेले कागद मतदारयादीशी ताडून पाहा. शेवटच्या आठवड्यात तपासायला बसलात तर नुसतं कळेल, दुरुस्त काही करता येणार नाही.

टोपणनावाची गंमतही याच निवडणुकीतली. ‘किंकी’ मतपत्रिकेवर चाललं, पण स्ट्रेहॉर्न यांना हवं असलेलं ‘ग्रँडमा’ नाकारलं गेलं. पोस्टरवर छापायचं नाव मतपत्रिकेवर चालेल का, हे छपाईआधी विचारून घ्या.

घाईने अर्ज भरणं

उशीर वाईट हे सगळ्यांना कळतं. घाईही वाईट असते. हेच डगन 2013 मध्ये डेट्रॉइटच्या महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी शहरातलं वास्तव्य आणि मतदार म्हणून नोंदणी, दोन्हीला एक वर्ष पुरं असायला हवं, असा नियम होता. त्यांनी मुदतीच्या बऱ्याच आधी कागद दिले. नोंदणीचं वर्ष भरायला दोन आठवडे बाकी होते, आणि कोर्टाने त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढलं. थोडं थांबून भरला असता तर तोच अर्ज बिनबोभाट पास झाला असता. पुढे मतदारांनी हाताने नाव लिहून त्यांना प्रायमरी जिंकून दिली, पण त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेला आणखी एक जणही रिंगणात उतरला होता. रायगडात 2014 ला एका नामसाधर्म्याच्या उमेदवाराने साडेनऊ हजारांवर मतं घेतली होती आणि निकाल अवघ्या दोन हजारांच्या फरकाने लागला होता, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

ऑक्टोबरच्या पोलवर विसंबणं

न्यू जर्सीचे क्रिस डॅगेट यांचं 2009 मध्ये सगळं जुळून आलं होतं. सरकारी निवडणूक निधीला ते पात्र ठरले, त्यामुळे डिबेटमध्ये खुर्ची मिळाली. स्टार-लेजर या राज्यातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या दैनिकाने पाठिंबा दिला. ऑक्टोबरमधल्या एका पोलमध्ये ते वीस टक्क्यांवर होते. निकालात सहालाही पोचले नाहीत.

एक कारण मतपत्रिकेतच होतं. तिथे दोन मोठ्या पक्षांचे ठळक रकाने आधी येतात आणि बाकीचे उमेदवार पुढे कुठेतरी, तेही प्रत्येक काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) वेगळ्या जागी. डॅगेट यांना शोधावं लागत होतं. यावर इलाज एकच. नमुना मतपत्रिका हाती येताच काउंटीगणिक वेगळं पत्रक काढा आणि नाव नेमकं कुठे आहे ते दाखवा. मिशिगनमध्ये तर एकाच खुणेने अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय 2018 च्या सार्वमताने परत आली आहे. तिथे खाली उतरून अपक्षाच्या नावावर खूण करायला मतदाराला मुद्दाम शिकवावं लागेल.

‘मतं खाणारा’ या शिक्क्याला उत्तर नसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती समजून घ्यायला मेन राज्यासारखी जागा नाही. जेम्स लाँगली 1974 मध्ये तिथे अपक्ष म्हणून जिंकले, तेही पुढे अमेरिकन सिनेटमध्ये बहुमताचे नेते झालेल्या जॉर्ज मिचेल यांना मागे टाकून. अँगस किंग 1994 मध्ये सुमारे 35 टक्क्यांवर जिंकले. डेमोक्रॅट सुमारे दीड टक्क्याने मागे, आणि तिसऱ्या क्रमांकावर रिपब्लिकन सुझन कॉलिन्स. तिरंगी लढतीत एवढी मतं पुरतात, हे खरं. पण 2010 ला एलियट कटलर यांनी जवळपास 36 टक्के घेतले आणि रिपब्लिकन पॉल लपाज यांच्याकडून दहा हजारांच्या आत हरले. त्यांची हवा शेवटच्या दोन आठवड्यांत झाली, तोवर बरेच लोक आगाऊ मतदान करून मोकळे झाले होते.

कटलर 2014 ला पुन्हा उभे राहिले, तेव्हा लोक पोळलेले होते. लपाज परत येऊ नयेत म्हणून मतदार डेमोक्रॅटकडे सरकू लागले. ऐन शेवटच्या आठवड्यात खुद्द अँगस किंग यांनी कटलर यांचा पाठिंबा काढून डेमोक्रॅट मिशॉड यांना दिला. कटलर आठ टक्क्यांवर आले, आणि लपाज तरीही जिंकले.

पसंतिक्रमाच्या मतदानाने, म्हणजे कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर मागे पडलेल्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजण्याने, हे सुटेल असं म्हणणारे भेटतात. मेनच्या मतदारांनी ते 2016 ला मंजूरही केलं, पण राज्यघटनेत ‘सर्वाधिक मतं’ असा शब्दप्रयोग असल्याने गव्हर्नरच्या मुख्य निवडणुकीला ते लागू होत नाही. अलास्कात लागू आहे. तिथे 2022 ला बिल वॉकर अपक्ष म्हणून उभे होते, पण रिपब्लिकन माइक डनलीव्ही पहिल्याच फेरीत पन्नास टक्क्यांपुढे गेले. दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही.

खरं चाललं ते वॉकर यांचं 2014 चं गणित. डेमोक्रॅटिक उमेदवार बायरन मॅलट यांनी स्वतः मागे होऊन लेफ्टनंट गव्हर्नरची, म्हणजे उपगव्हर्नरची, जागा घेतली, दोघांचं एकच तिकीट झालं आणि विद्यमान गव्हर्नर हरले. याला कुणी पाट लावणं म्हणेल, म्हणू दे. दुबळ्या पक्षाशी बोलणी करायची तर ती सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उरकायला हवीत. नंतर मतपत्रिका छापल्या जातात.

जोडीदार चुकीचा निवडणं

मॅसॅच्युसेट्सचे अपक्ष उमेदवार टिम केहिल यांचे लेफ्टनंट गव्हर्नरपदाचे जोडीदार उमेदवार 1 ऑक्टोबर 2010 ला त्यांना सोडून थेट रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे उभे राहिले. कॅन्ससमध्ये 2018 ला अपक्ष ग्रेग ऑर्मन यांच्या मोहिमेचा खजिनदारच डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेला. त्याच वर्षी अलास्कात मॅलट यांना आक्षेपार्ह बोलण्यावरून राजीनामा द्यावा लागला, तीन दिवसांत वॉकर यांनी माघार घेतली, आणि मतपत्रिकेवर दोघांचीही नावं तशीच राहिली. अपक्षाच्या मागे पक्ष नसतो, त्यामुळे अशा माणसाला धरून ठेवणारं कुणी नसतं. तेव्हा जोडीदार आणि खजिनदार असा घ्या, ज्याला कुठल्याही पक्षात परत जायचं नाही.

पैसा

मोठा देणगीदार हवेचा अंदाज घेत असतो. ओरेगनमध्ये 2022 ला नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट यांनी अपक्ष बेट्सी जॉन्सन यांना पावणेचार दशलक्ष डॉलर दिले आणि ऑक्टोबरात रिपब्लिकन उमेदवारालाही दहा लाख दिले. जॉन्सन नऊ टक्क्यांच्या आत राहिल्या.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी वेगळी सूचना. देणगी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकच देऊ शकतात. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर राज्याच्या निवडणुकीलाही एक डॉलर देता येत नाही, हा संघराज्याचा कायदा आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटता येतात, फोन करता येतात, पण पैसा कुठे खर्चायचा या निर्णयात बसता येत नाही. ग्रीनकार्डधारकाने देणगी जरूर द्यावी, पण उमेदवारीच्या अर्जावर सही करू नये. ती नोंदणीकृत मतदाराचीच लागते.